कळवतो म्हणाले होते

आमच्या घरात ‘कळवतो’ हा शब्द ऐकला की आईचा चेहरा पडतो. मला दाखवायचे दिवस होते तेव्हा आलेल्यांपैकी एकानेही तोंडावर नाही म्हटलं नाही. चहा प्यायचे, आईच्या हातच्या वड्यांचं कौतुक करायचे, दारात चपला घालताना “बरंय, कळवतो” म्हणायचे, आणि मग कुणी काही कळवायचं नाही. आई बिचारी आठवडाभर फोनच्या आसपास घुटमळायची. कळवतो म्हणजे नाही, हे पुढे पुढे आम्हाला पाठच झालं. त्यामुळे ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये माझा इंटरव्ह्यू संपल्यावर मालकांनी चष्मा काढला आणि “दोन-तीन दिवसांत कळवतो” म्हणाले, तेव्हा मला आईचा पडलेला चेहराच आठवला.

तसा इंटरव्ह्यू झकास झालेला. कंपनी छोटीशी, शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांना काचेची उपकरणं पुरवणारी. बिलं, हिशेब, माल कुठे निघाला, कुठे पोचला, वाटेत काय फुटलं, हे सगळं बघणारे एक काका निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची रिकामी होत होती. हेच काम मी आधीच्या ऑफिसात कित्येक वर्षं केलेलं. ते ऑफिस उचलून बंगळुरूला नेलं आणि आम्हाला म्हणाले, येत असाल तर या. आईचे दुखरे गुडघे घेऊन मी कुठे बंगळुरूला जाणार? राहिले घरी. पहिले काही दिवस दुपारची झोप गोड लागली, मग भिंती अंगावर यायला लागल्या. अर्ज तर रोज करत होते, पण चाळिशीला टेकलेल्या बाईला नव्याने कोण विचारतं? आणि ही नोकरी कोपरहून जाऊन-येऊन करण्यासारखी, संध्याकाळी आईच्या जेवणाच्या वेळेला घरी पोचवणारी. मला ती हवी होती. अगदी हावरटासारखी हवी होती.

इंटरव्ह्यूचं मी दोघींनाच सांगितलेलं. एक आई, आणि दुसरी ठाण्यातच कोपरीला राहणारी जुन्या ऑफिसातली मैत्रीण, जिने या जागेची खबर दिली. बाकी कुणाला नाही. झाल्याशिवाय बोलायचं नाही हा माझा नेम आहे. लोक मला संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांचं कधी काही मोडलं नाही त्यांचं काय जातंय विश्वास ठेवायला!

तीन दिवस गेले, आठवडा गेला. मग मी फोन केला. फोनवरच्या मुलीने सांगितलं की सर मीटिंगमध्ये आहेत. दुसऱ्या दिवशीही मीटिंगमध्ये, तिसऱ्या दिवशीही. अगं, त्या ऑफिसात मिळून माणसं किती, मी स्वतः पाहिलेली आहेत, एवढी मीटिंग कुणाशी चालते? पंख्याशी? मी आवाजात साखर घोळवून नाव-नंबर दिला, तिने “हो मॅडम, सांगते” म्हटलं, आणि तिच्या त्या ‘हो मॅडम’मध्येच मला ऐकू आलं की हिला काहीतरी माहीत आहे. मग इंटरनेटवर वाचून मी आभाराचा मेल धाडला. आपला बहुमूल्य वेळ दिल्याबद्दल वगैरे. त्याला उत्तर नाही. शेवटी लाज गुंडाळून मालकांना व्हॉट्सअ‍ॅप केलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. बरं, माणूस आजारी-बिजारी असेल म्हणावं तर रोज सकाळी स्टेटसला गणपतीचा नवा फोटो. म्हणजे देवासाठी वेळ आहे, माझ्यासाठी नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं.

मैत्रिणीला विचारलं तर तिने नुसता अंगठा पाठवला. मी लिहिलं, “अगं काही कळलं का?” आणि ही अंगठा दाखवते. याचा अर्थ काय घ्यायचा माणसाने? तिची नणंद कॉमर्सची आहे आणि घरीच आहे, हे मला त्या अंगठ्याकडे बघता बघता आठवलं. मग मी आईला म्हटलं की बघ, हिने मला पुढे केलं आणि मागून नणंदेचं घोडं दामटलं. आई म्हणाली, तू जेव आधी.

पण माझा खरा संशय बसला तो शेजारच्या काकूंवर, आणि तो त्यांनी स्वतःहून ओढवून घेतला.

काकू समोरच्या दारात एकट्या राहतात. मूळच्या कोकणातल्या, आमच्यासारख्याच. मुलाने टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये मोठा फ्लॅट घेतलाय, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, तो सारखा बोलावतो, पण या काही जात नाहीत. आमच्या जिन्यावरून चढउतार करत राहतात. माणूस म्हणून लाखात एक, फक्त एक खोड. माझ्यासाठी स्थळं बघणं त्यांनी अजून सोडलेलं नाही. आईने हात टेकले, नातेवाइकांनी विषय टाकला, मी तर केव्हाच वाट बघणं बंद केलं, पण या बाईंचं आपलं चालूच. एक आहे गं कल्याणला, स्वतःचं दुकान आहे. एक आहे बदलापूरला, पहिली वारली, पण मुलंबाळं नाहीत. मी चिडले की म्हणायच्या, बरं बरं, राहिलं, आणि महिन्याभराने नवा माणूस हजर.

तर या काकू एक दिवस पाण्याची बाटली भरायला आमच्याकडे आल्या आणि जाता जाता हळूच म्हणाल्या, “फोन आला का गं ठाण्याहून?”

माझ्या हातातली भांडी तिथेच राहिली. ठाण्याहून! मी विचारलं, कसला फोन? तर म्हणाल्या, काही नाही, सहज. सहज कुणी ठाणं म्हणतं का? घाटकोपर नाही, कल्याण नाही, नेमकं ठाणं? आणि वर गालातल्या गालात हसत गेल्या. मी आत जाऊन आईला धारेवर धरलं. आई म्हणाली, तुझ्या गळ्याची शपथ, मी चकार शब्द बोलले नाही. आई शपथा खोट्या घेत नाही. मग काकूंना कळलं कुठून?

त्यानंतर तर मी त्यांच्यावर पाळतच ठेवली. त्यांचं वागणं सरळ नव्हतं. एकदा बेसनाचे लाडू आणून दिले, काही कारण नाही, सण नाही. एकदा विचारलं की तुझा साडीतला चांगला फोटो आहे का मोबाइलमध्ये, असू दे एखादा तयार. एकदा मी मोबाइल कंपनीच्या पोरीवर फोनवर डाफरत होते तर दारात येऊन म्हणाल्या, फोनवर असं तडकून बोलू नये बाय, समोर कोण असेल सांगता येत नाही. आणि रोज संध्याकाळी तोच प्रश्न, नुसत्या भुवया उंचावून. आला का?

मी डोकं लढवलं. मी घरी असल्यापासून काकूंचं बरं चाललं होतं. त्यांची भाजी मी आणायची, त्यांचं वीजबिल मी भरायचं, दुपारी मालिका बघायला सोबत. मी नोकरीला लागले की त्यांची दुपार पुन्हा रिकामी. म्हणजे मी घरी बसण्यात फायदा कुणाचा? असला विचार डोक्यात आला आणि मला तो पटलासुद्धा. आईला सांगितला तेव्हा ती एवढंच म्हणाली की तुझ्या जिभेला हाड नाही. पण मी म्हटलं, बघच तू.

शेवटी जास्त वाट न बघता मी सरळ ठाणं गाठलं. एका सर्टिफिकेटची प्रत द्यायची राहिली असं निमित्त केलं. फोनवरची मुलगी समोर बघितली तर अगदीच कोवळी, तिने मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. मालक आत होते, मीटिंग-बिटिंग काही नव्हती. काचेच्या दारातून त्यांनी मला पाहिलं आणि आता टाळता येत नाही म्हटल्यावर आत बोलावलं. निवृत्त होणारे काका कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. मला बघताच ते कागदांमध्ये डोकं घालून बसले.

मी प्रत पुढे केली. मालकांनी ती बघितलीसुद्धा नाही. म्हणाले, “बाई, तुम्ही मला इथे बसून सांगितलंत की निवृत्त होईपर्यंत कुठे जाणार नाही. मग घरी वेगळं का सांगता?”

मी म्हटलं, काय वेगळं सांगितलं?

तेव्हा त्यांनी सगळं काढलं. याआधी त्या खुर्चीसाठी दोन मुली तयार केल्या होत्या, दोघी लग्न होताच सोडून गेल्या. किल्ल्या, माल, गिऱ्हाइकं, सगळं विश्वासाने हातात द्यायचं तर माणूस टिकणारा हवा. म्हणून त्यांनी काकांना माझ्या घरी चौकशीला पाठवलेलं. जुन्या वळणाची कंपनी, यांना कागदावर भरवसा नाही. आणि चौकशीत असं कळलं की मुलगी लग्नाला उभी आहे, नोकरी उद्या म्हणाल तर उद्या सोडेल, परदेशात जायचीसुद्धा तयारी आहे.

रागाने माझे कान तापले. पहिला राग त्यांच्यावरच. माझ्या जागी पुरुष असता तर त्याच्या शेजाऱ्यांना विचारायला गेला असतात का तुम्ही, लग्न झाल्यावर हा काम सोडेल का म्हणून? हे मी बोलूनही दाखवलं. मग मी काकांकडे वळून विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला हे?

काकांनी मान वर केली. “तुमच्या दाराला कुलूप होतं. समोरच्या बाईंनी आत बोलावलं,” ते म्हणाले. “फार अगत्य केलं हो. साजूक तुपातला शिरा खाऊ घातला.”

त्या दिवशी मी आईला फिजिओथेरपीला घेऊन गेले होते. माझा अंदाज बरोबर निघाला तर! परतीच्या गाडीत मी काकूंना काय काय बोलायचं याची उजळणी करत आले. इतकी वर्षं ताटातलं वाटीत केलं, आणि हे पांग फेडले. कोपरला उतरल्यापासून बिल्डिंगपर्यंत माझा पाय जमिनीला लागला नाही. घरी न जाता आधी समोरचं दार ठोठावलं.

काकू गवार निवडत बसलेल्या. मला बघून त्यांचा चेहरा फुलला. “आला फोन?”

मी तिथेच फुटले. म्हटलं, येणार कसा, तुम्ही येऊ दिलात कुठे? माझ्याबद्दल काय वाटेल ते सांगून माझं चालून आलेलं काम घालवलंत. मी घरी कुजत बसावं असंच वाटत होतं ना तुम्हाला? आवाज ऐकून आई भिंत धरत धरत दारात आली. काकूंच्या हातात गवारीची शेंग तशीच. त्यांना काही उमगेना. त्या म्हणाल्या, काम? कसलं काम?

मग हळूहळू उलगडलं. दारात पांढऱ्या शर्टातले, पिकल्या केसांचे, सभ्य गृहस्थ उभे. म्हणाले, ठाण्याहून आलोय, समोरच्या मुलीची जरा चौकशी करायची होती. आता आमच्याकडे ‘मुलीची चौकशी’ म्हटल्यावर कुणाच्या डोक्यात नोकरी येईल? काकूंना वाटलं, आला बाई, इतक्या वर्षांनी एकदाचा मुलाचा काका आला. त्यात त्यांचे प्रश्नही तसेच. स्वभाव कसा आहे? माणसांत मिळून मिसळून असते का? आमच्याकडे रमेल ना? एकदा आली की टिकेल ना? आणि काकू प्रत्येकाला झोकात उत्तर देत गेल्या. हल्ली मुलाकडच्यांना करिअरवाल्या मुलींची भीती वाटते, म्हणून आपण होऊन सांगून टाकलं की नोकरीचं काही वेड नाही हो तिला, लग्न ठरलं की सोडायला एका पायावर तयार. मुलगा बाहेर असेल तर बाहेर जाईल. काका उठताना म्हणाले, बरंय, कळवतो आम्ही. आणि ठरायच्या आधी मुलीच्या कानावर घातलं की मोडतं, म्हणून काकूंनी मला सांगितलं नाही. देवाला नारळ मात्र बोलल्या.

म्हणजे जिन्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे त्या, आम्ही दोघी एकाच माणसाच्या फोनची वाट बघत होतो. मला हसू यायला हवं होतं. पण नोकरी गेली होती आणि मला फक्त संताप येत होता. मी म्हटलं, काकू, निदान विचारायचं तरी, कुठून आलात, कशासाठी आलात. एवढी कसली घाई झाली होती तुम्हाला मला घालवायची?

काकूंनी हातातली शेंग खाली ठेवली आणि आईकडे बघून म्हणाल्या, “त्यांनी हिचं पण विचारलं. आईची जबाबदारी मुलीवरच आहे का, म्हणून. मी म्हटलं, तिच्या आईची काळजी करू नका. मी आहे समोर. मरेपर्यंत मी बघेन.”

आई खुर्चीत बसली. टिटवाळ्याचं घर, तिथली लिफ्ट, मुलाचे दर आठवड्याचे फोन, हे सगळं आम्हाला रोज ऐकू यायचं, आणि या बाई इथेच का चिकटून आहेत हे मी कधी नीट विचारलं नव्हतं. त्यांनी कुणा परक्या माणसाला शिरा देत शब्द देऊन टाकला होता. मी घरी आले आणि मोरीत नळ सोडून रडले.

सकाळी काकू नारायणपेठ साडी नेसून आमच्या दारात उभ्या. म्हणाल्या, चल ठाण्याला, मी मोडलंय ते मीच निस्तरते. मी नको म्हटलं. एवढा तमाशा झाल्यावर पुन्हा तोंड दाखवायची माझी इच्छा नव्हती, आणि नोकरी मागायला शेजारीण बरोबर घेऊन जायचं म्हणजे हसंच. आई म्हणाली, जा. मी गेले.

मालकांनी आम्हाला बसवलं. काका उभे राहिले, शिऱ्याची आठवण ठेवून असतील. काकूंनी पदर सारखा केला. मला वाटलं होतं त्या सांगतील, गैरसमज झाला, मला स्थळ वाटलं, झालं. तेवढं त्यांनी सांगितलंच. मालक हसले, पण त्यांचं समाधान झालं नाही हे दिसत होतं. ते म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण म्हणजे स्थळं बघताय हे तर खरंच ना? उद्या ठरलं तर?

काकू माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करून म्हणाल्या, “नाही साहेब. कुणी येत नाही आता हिला बघायला. मी त्या दिवशी उगीच बढाई मारली. हिचं लग्न काही होत नाही आता. तुम्ही बिनघोर कामावर घ्या.”

हेच वाक्य मी स्वतः किती वेळा बोलले होते, आईसमोर, आरशासमोर, काकूंच्या अंगावर ओरडूनसुद्धा. आता सोडा हो नाद, माझं काही होत नाही. स्वतःच्या तोंडून ते कधी लागलं नाही. पण काकूंच्या तोंडून, परक्या माणसांसमोर, किंमत सांगावी तसं, आणि माझ्याच भल्यासाठी. तेव्हा लागलं. सगळ्या जगात एक माणूस होता ज्याला अजून वाटत होतं की माझ्यासाठी कुणीतरी जिना चढून येईल, आणि त्यानेही आज हात झटकले. मी टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत राहिले. वर बघितलं असतं तर रडले असते.

मालकांना ते फार लागलं असावं. त्यांनी घसा साफ केला, उगाच एक फाइल उघडून मिटली आणि म्हणाले, सोमवारपासून या. काकांनी आपल्या टेबलाचा वरचा खण रिकामा करायला घेतला.

बाहेर आलो तर ऊन रणरणत होतं. नोकरी मिळाली होती, जी मला हावरटासारखी हवी होती ती, आणि मला आनंद होतच नव्हता. काकू पदर डोक्यावर घेऊन रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं माफी मागावी, थँक यू म्हणावं, काहीतरी बोलावं. तेवढ्यात त्याच बोलल्या.

“खोटं बोलले गं मी.”

मला मेलीला राहवलं नाही. संशय पाण्यात बुडवला तरी वर येतो. मी विचारलं, “कधी? त्या दिवशी, की आज?”

“आज,” काकू म्हणाल्या, आणि रिक्षाला हात केला.